झणझणीत कोळंबी पास्ता: मिरची संकेश्वरी, पाणी पास्त्याचं

बेळगावात कोळंबी गोवा-कारवारकडून घाट चढून येते, तेव्हा आणल्या आणल्या साफ करा, पाठीवरचा काळा दोरा काढा आणि फडक्याने अगदी कोरडी करा. ओली कोळंबी परतत नाही, शिजते.

इटलीत तिखटाला पेपेरोन्चिनो घालतात. आपल्याकडे 2 संकेश्वरी मिरच्या पुरतात. नुसती ब्याडगी घातलीत तर रंग लालभडक, तिखट मात्र बेताचंच. ऑलिव्ह तेल गार असतानाच लसणाचे काप आणि मोडलेल्या मिरच्या घाला, आच मंद. लसूण सोनेरी व्हायच्या आत कोळंबी टाका. दोन्ही बाजूंनी मिळून 2-3 मिनिटं, वाकून गुलाबी झाली की लगेच बाहेर. आमच्या घरी रश्श्यासारखी उकळत ठेवली आणि रबर खाल्लं!

त्याच तेलात टोमॅटो आटवा. पास्ता 1 लिटर पाण्याला 10 ग्रॅम मीठ घालून उकडा, पाकिटावरच्या वेळेच्या 2 मिनिटं आधी काढून टोमॅटोत टाका, वर त्याचंच वाटीभर पिठूळ पाणी. परतत राहिलं की रस पास्त्याला चिकटतो. शेवटी कोळंबी. चीज नको, इटालियन लोकही मासळीवर सहसा घालत नाहीत.