या चुका टाळा: स्वस्त शाईचा प्रिंटर घेताना आणि घेतल्यावर

दुकानात आलेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सगळ्यात स्वस्त प्रिंटर कितीला?" मी उलट विचारतो, महिन्याला किती पानं काढणार? याचं उत्तर फार थोड्यांकडे असतं. मी प्रिंटर विकतोही आणि दुरुस्तही करतो, त्यामुळे चुकलेली खरेदी शेवटी माझ्याच टेबलावर येते.

चूक पहिली: प्रिंटरची किंमत बघणं, पानाची न बघणं

आमच्या भागात एक मॅडम घरी शिकवणी घेतात. ४० मुलं, दर शनिवारी प्रत्येकाला चार पानांची चाचणी. म्हणजे आठवड्याला १६० पानं. जूनच्या सुरुवातीला त्यांनी सेलमधून साडेतीन हजारांचा कार्ट्रिजवाला, म्हणजे संपली की शाईची डबीच बदलायची असा, प्रिंटर घेतला. ऑगस्टच्या शेवटी "प्रिंट फिकी येतेय" म्हणून तो माझ्याकडे घेऊन आल्या. प्रिंटर ठणठणीत होता, फक्त काळी शाई संपली होती.

फीच्या वहीच्या शेवटच्या पानावर त्यांनी प्रत्येक कार्ट्रिजची तारीख आणि रक्कम लिहून ठेवली होती. ११ कार्ट्रिज, प्रत्येकी ८०० रुपये. एकातून जेमतेम १७५ पानं निघत होती. आम्ही तिथेच हिशेब केला: ८,८०० रुपये शाईचे, पान पडलं साडेचार रुपयांच्या वर. कागद वेगळाच. समोरचा झेरॉक्सवाला तेच पान दोन रुपयांत काढून देतो. मॅडम म्हणाल्या, "म्हणजे दर महिन्याला चार मुलांची फी शाईतच जातेय की!"

त्यांनी घ्यायला हवा होता इंक टँकचा प्रिंटर, ज्याच्या टाकीत बाटलीने शाई ओततात. किंमत तिप्पट-चौपट होती म्हणून जूनमध्ये त्यांनी तो घेतला नाही, आणि त्यांना हा हिशेब सांगणारंही कोणी भेटलं नाही. सेलमध्ये विकणारा पुढचा खर्च सांगत नाही, याचा मला मनापासून राग येतो.

टँकच्या बाटल्यांची तुलना करतानाही लोक फसतात, कारण ते मिली बघतात. कॅननच्या ७९० नंबरच्या काळ्या बाटलीत १३५ मिली शाई असते आणि कंपनी ६,००० पानं सांगते. एप्सनच्या ००३ काळ्या बाटलीत ६५ मिली असते, तिची ४,५०० पानं सांगतात. शाई निम्म्याहून कमी, पण पानं पाऊणपट. म्हणून बाटलीच्या किमतीला पानांच्या आकड्याने भागा, मगच ठरवा.

हा पानांचा आकडाही डोळे मिटून धरू नका. ठरलेली नमुना पानं सलग छापून तो काढतात. घरी आपण आज दोन पानं काढतो, मग चार दिवसांनी एक, आणि मधे प्रिंटर स्वतःची छिद्रं साफ करतो त्या प्रत्येक साफसफाईत शाई जाते. शिवाय पहिल्या बाटल्यांमधली बरीचशी शाई टाकीपासून पुढे जाणाऱ्या नळ्या भरण्यातच जाते. मी कंपनीच्या आकड्यातून सरळ एक तृतीयांश कमी करतो आणि उरलेल्यावर हिशेब मांडतो.

कार्ट्रिजचाच प्रिंटर घरात असेल तर त्याचं 'एक्सएल', म्हणजे जास्त पानांचं, कार्ट्रिज मिळतं का बघा. कित्येकदा डबी तेवढीच असते, आत शाई जास्त भरलेली असते. तिन्ही रंग एकाच कार्ट्रिजमध्ये असतील तर एक रंग संपला की उरलेले दोन फुकट जातात, हे घेण्याआधीच लक्षात ठेवा.

चूक दुसरी: भिंतीवरचं बटण बंद करणं

ही चूक मी रोज बघतो. छापून झालं की बोर्डवरचा स्विच खटकन बंद. वीज वाचवायची सवय चांगली आहे, पण इथे ती हजारो रुपयांना पडते.

प्रिंटरच्या कडेला, बहुतेकांत उजवीकडे, रबरी कड असलेली छोटी टोपी असते. काम संपल्यावर हेड, म्हणजे कागदावर शाई सोडणारा भाग, तिथे जाऊन बसतं, टोपी खालून घट्ट लागते आणि केसाहून बारीक छिद्रांतली शाई ओली राहते. मधेच वीज तोडली तर हेड वाटेतच उघडं राहतं. मे महिन्यात घर बंद करून गावाला गेलात, की परत येईपर्यंत शाई सुकलेली.

प्रिंटरवरचं बटण दाबा. आतला घरघर आवाज थांबेपर्यंत थांबा. मग भिंतीवरचं बंद करा. तेवढे काही सेकंदही लोकांना जड जातात. दुकानातल्या प्रिंटरवर मी दर सोमवारी सकाळी चारही रंगांचं एक पान काढतो, काम असो वा नसो.

आणि सुकलंच, तर एकामागून एक दहा वेळा हेड क्लीनिंग (प्रिंटरमधली हेड साफ करायची सोय) मारत बसू नका. दोन-तीनदा करा, नोझल चेक, म्हणजे छिद्रं तपासायचं रेषांचं पान, काढा, नाही जमलं तर प्रिंटर बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी बऱ्याचदा रेषा भरून येतात. प्रत्येक क्लीनिंगची शाई खालच्या वेस्ट पॅडमध्ये, म्हणजे वाया जाणारी शाई शोषणाऱ्या गादीत, मुरते. तो भरला की प्रिंटर काम थांबवतो. मग इंटरनेटवरून रिसेटचं सॉफ्टवेअर आणून पॅड किती भरला याचा नुसता आकडा शून्य करणारे भेटतात. पॅड ओलाच राहतो आणि शाई पुढे टेबलावर उतरते. घेतानाच वेस्ट पॅडचा डबा आपल्याला बदलता येतो का, हे विचारा.

बाकीच्या, थोडक्यात

महिन्याला दहाच पानं, तीही काळी? टँक घेऊ नका. साधा लेझर घ्या, टोनरची पूड सुकत नाही.

अर्ज, दाखले छापायचे असतील तर काळी शाई पिगमेंट (बारीक रंगकणांची) आहे का बघा. डाय, म्हणजे विरघळलेल्या रंगाच्या, शाईवर पावसाचा थेंब पडला की अक्षर पसरतं.

दुसऱ्या नंबरची बाटली "रंग तोच आहे" म्हणून ओतू नका. सिरिंजने भरलेल्या सुट्या शाईने चोंदलेली हेड मी इतकी पाहिली आहेत की आता ते काम मी घेतच नाही.

टँक खालच्या रेघेखाली जाऊ देऊ नका, नळ्यांत हवा शिरते.

शाई भरलेला प्रिंटर स्कूटरवर कुशीवर धरून आणू नका. कुशीवर, उभा, तिरका काहीच नको, नेहमी सपाट. काही मॉडेलमध्ये वाहतुकीसाठी शाई बंद करायची कळ असते, ती आधी फिरवा, आणि घरी परत बसवल्यावर उघडायला विसरू नका.

वॉरंटीचं कार्ड दुकानातच वाचा. बऱ्याच टँक प्रिंटरवर वर्षासोबत पानांचीही मर्यादा असते आणि जे आधी संपेल तिथे वॉरंटी संपते. शिकवणीवाल्यांची पानं बहुधा आधी संपतात.