परतीचा पाऊस सरला, आता विहिरींना टेप लावा

पाणलोटाचं काम, म्हणजे एकाच नाल्याला उतरणाऱ्या सगळ्या शिवारात पाणी अडवून जिरवायचं काम, म्हटलं की गावाला एप्रिल-मे आठवतो. टिकाव, घमेली, जेसीबी आणि श्रमदानाचे फोटो. पाणलोट समितीचा खरा कस मात्र ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात लागतो. रब्बी ज्वारी तोवर पेरून झालेली असते आणि ती बरीचशी जमिनीतल्या ओलीवरच निघते. गहू, कांदा, नवा ऊस, उन्हाळी भाजीपाला यांचं मात्र अजून ठरायचं असतं. ते ज्याने त्याने आपल्याच विहिरीत डोकावून ठरवलं, तर माथ्यावर चर खोदणाऱ्यांचे कष्ट खालच्या चार-दोन मोटारी फेब्रुवारीतच उपसून टाकतात.

म्हणून आधी मोजणी करा. पाणलोटाच्या माथ्याकडच्या, मधल्या आणि पायथ्याच्या भागातल्या मिळून दहा-पंधरा विहिरी निवडा. प्रत्येकीच्या कठड्यावर रंगाने एक खूण करा आणि दरवेळी तिथूनच वजन बांधलेला टेप सोडा. आदल्या रात्रीपासून मोटार बंद हवी. पहाटे मोजलेली पातळीच खरी धरावी, नाहीतर उपसा चालू असलेल्या विहिरीचा आकडा गावभर वाद घालतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी पावसाळ्यानंतर आणि पुन्हा जानेवारी, मार्च, मे असं मोजते. तेच महिने धरले तर आपली नोंद त्यांच्या नोंदीशी ताडता येते. मोजणीचं काम शाळेतल्या मुलांकडे द्यायला हरकत नाही, पण वही समितीकडे असावी. हापसा कोणत्या महिन्यात हवा ओढायला लागतो, हे बायकांना विचारून त्याच वहीत लिहावं.

आता हिशेब. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात पाणी धरून ठेवायला जागा फार थोडी असते. मुरूम आणि भेगाळ थर धरला तरी ती साधारण २ टक्के मानतात. म्हणजे एक हेक्टरखालची पातळी एक मीटरने वाढली, तर हाती येतं २०० घनमीटर पाणी, म्हणजे २ लाख लिटर. ते त्याच हेक्टरवर पसरलं तर जेमतेम २० मिलिमीटर भरतं. पाटाने दिलेलं एक पाणी याच्या तिप्पट लागतं. विहीर तुडुंब दिसते म्हणून फसू नका.

उदाहरणादाखल ६०० हेक्टरचा पाणलोट घेऊ. मे ते ऑक्टोबर विहिरींची पातळी सरासरी ३ मीटरने वाढली असेल, तर साठा झाला ३६० टीसीएम (एक टीसीएम म्हणजे १० लाख लिटर). दोन हजार माणसांना रोज ५५ लिटर आणि हजार जनावरांना रोज ५० लिटर पुढच्या पावसापर्यंत, म्हणजे २४० दिवस पुरवायचे, तर सुमारे ३८ टीसीएम लागतात. हे पाणी आधी बाजूला काढायचं. नाल्याला पाझरून जाणारं आणि पाऊस लांबला तर लागणारं धरून आणखी ८० राखले, तर शेतीला उरले साधारण २४०. एवढ्यात तुषारवर दोन पाण्यांचा हरभरा २०० हेक्टर निघेल. पाच-सहा पाण्यांचा गहू केला तर ६० हेक्टर. ऊस लावला तर १२ हेक्टर! या ओळी चावडीच्या फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहा. भाषणाची गरज उरत नाही.

बैठकीत पहिला प्रश्न येणार, ‘माझी विहीर, माझं पाणी, तुम्ही कोण सांगणारे?’ यावर वाद घालू नये. शेजारच्या दोन-तीन विहिरींच्या मोटारी बंद ठेवून एकाची मोटार चार-पाच तास चालवावी आणि बाकीच्यांची पातळी दर तासाला मोजावी. विहिरी एकाच भेगाळ थरात असतील तर फरक सगळ्यांच्या डोळ्यांदेखत दिसतो.

दुसरा प्रश्न कुणी उघड बोलत नाही, पण गट फुटतात ते त्यावरच. चर माथ्यावरच्या मुरमाड जमिनीत पडतात आणि पाणी पायथ्याच्या बागायतदाराला मिळतं. वरच्याने रान द्यावं, चराई सोडावी आणि खालच्याच्या उसाकडे बघत बसावं, हे फार तर दोन वर्षं चालतं. पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली. तिथे पाण्याचा हक्क जमिनीवर न ठेवता माणशी ठेवला. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, भूमिहीनालाही वाटा, आणि ऊस नाही. प्रत्येक गावाला एवढं जमणार नाही, हे मान्य. पण नालाबांधातला गाळ काढाल तो पहिल्यांदा वरच्याच्या उथळ जमिनीत टाका, चराईबंदीच्या रानातल्या गवतावर पहिला हक्क त्याला द्या, आणि खालच्या विहिरीवरून त्याच्या सीताफळ-आंब्याच्या रोपांना पहिली दोन वर्षं पाणी पोचवायचं लेखी ठरवा. असं काही मिळालं नाही तर पुढच्या उन्हाळ्यात तो श्रमदानाला का येईल?

नियम दोन-तीनच करा. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावाने सिंचनासाठी बोअर बंद ठेवली, ऊस टाळला आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवली. त्यातली बोअरबंदी सगळ्यात अवघड आणि सगळ्यात गरजेची. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल अधिनियमात ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर निर्बंध आहेत, हे बैठकीत वाचून दाखवा. दंडाची भाषा मात्र टाळलेली बरी. भावकीत दंड वसूल होत नाही, वैर तेवढं वसूल होतं. कुणी किती गहू-कांदा केला, याची यादी फळ्यावर लागली की बरंच साधतं. प्लॅस्टिकच्या शेततळ्यांचाही विषय काढा. पावसाचं पाणी भरलं तर ठीक, पण विहीर उपसून भरलेल्या तळ्यातून उन्हाळ्यापर्यंत मीटरभराहून जास्त पाणी नुसतं उडून जातं.

नाल्याला धार आहे तोवर वनराई बंधारे उरका. सिमेंटची रिकामी पोती माती-वाळूने पाऊण भरावीत, तोंड शिवावं आणि विटांसारखे सांधे मोडत रचावीत. दोन्ही टोकं काठात नीट घुसवा आणि मध्यापेक्षा उंच ठेवा, म्हणजे पाणी बाजूने काठ न कापता वरून जाईल. कोल्हापुरी बंधाऱ्याचे बर्गे (पाणी अडवायच्या फळ्या) परतीचा पाऊस खात्रीने गेल्यावरच बसवा. त्याआधी ते मोजा, रबर तपासा. (बर्ग्यांच्या खोलीची किल्ली कोणाकडे आहे, हेही एकदा विचारून घ्या.)

चराईबंदीच्या रानातलं गवत आता कापणीला येईल. एक पट्टा बी पडण्यासाठी राखून बाकीचं कापून न्यायला सगळ्यांना मोकळीक द्या. अख्खा डोंगर एकदम बंद केला तर शेळ्या-मेंढ्यांवर जगणारी घरं गटाविरुद्ध जातात, आणि ती चुकीची नसतात. तिसरा हिस्सा बंद, बाकी चरायला खुला, असं आळीपाळीने करा.

शिवारफेरी याच महिन्यात काढा. कोणता चर फुटला, कुठे बांधाखालून पाणी झिरपतंय, कुणाच्या वावरात बांधाचं पाणी तुंबून राहिलंय, हे आत्ता ओलीवरून दिसतं, मे महिन्यात दिसत नाही. जागेवरच फोटो आणि गटनंबर लिहून घ्या. नवं काम सुचलं तर सातबारावरच्या सर्व सहखातेदारांच्या सह्यांचं संमतीपत्र दिवाळीतच घ्या. पुण्या-मुंबईचे भाऊ तेव्हाच गावी असतात.