बाय्यूचा घोडा आणि माझा चुकलेला हिरवा

फ्रान्समधल्या बाय्यू गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ११व्या शतकातल्या भरतकामातला एक घोडा लिननवर लोकरीने भरायला घेतला. पहिल्यांदा पोपटी, जांभळ्या, गुलाबी लडी उचलल्या. घोडा थेट वाढदिवसाच्या केकवरचा दिसायला लागला. उसवला. मग ‘जुनं म्हणजे फिकट’ असं धरून सगळे मळकट रंग आणले. तेही चुकलं. मूळ कापडाच्या मागच्या बाजूला उजेड कमी लागलाय, तिथले रंग अजून चांगले ठसठशीत आहेत.

शेवटी रंगाऱ्याच्या बाजूने विचार केला. त्याच्याकडे मुख्य वनस्पती तीनच: विटकरी-लालसाठी मॅडर (आपल्या मंजिष्ठेची भावकी), पिवळ्यासाठी वेल्ड आणि निळ्यासाठी वोड, ज्यात आपल्या निळीचंच रंगद्रव्य असतं. हिरवा म्हणजे पिवळा आणि निळा एकावर एक चढवलेला. म्हणून आधी निळी आणि पिवळी लड पक्की केली, दोन्हींचा एकेक धागा एकत्र पिळून हातभर लांबून पाहिला आणि त्याच्याशी जुळेल तोच हिरवा घेतला. पोपटी आपोआप बाद.

आता घोडा निळा, पलीकडचे दोन पाय विटकरी. आईला वाटतं लोकर संपली. पण मुळातही पलीकडचे पाय असेच वेगळ्या रंगात भरलेत!