लग्नातल्या पैठणीचं ब्लाऊज: माया भरपूर ठेवून घ्या

लग्नाच्या धावपळीत नवरीचं वजन थोडंफार कमी-जास्त होतंच. त्यामुळे पैठणीचं किंवा शालूचं ब्लाऊज शिवायला टाकताना टेलरना आधीच सांगा: दोन्ही कुशींना आणि बाह्यांना आतून किमान एक-दीड इंच माया, म्हणजे शिलाईच्या आतलं जादा कापड, ठेवा. बहुतेक जण कापड वाचवायला ती अर्ध्या इंचावर आणतात, मग ऐनवेळी ब्लाऊज उसवायला वावच राहत नाही.

पहिली शिलाई जराशी सैलच घालून घ्या. रेशमावर सुईची भोकं राहतात. घट्ट ब्लाऊज उसवून सैल केलं, की जुन्या शिलाईची रेघ बाहेर दिसते. सैल ब्लाऊज आत घेतलं, तर ती रेघ आतच जाते. सुती अस्तर मात्र शिवण्याआधी भिजवून वाळवलेलंच हवं, नाहीतर ते नंतर आटतं आणि वरचं रेशीम चुण्या पडून ओढलं जातं.

शेवटचं फिटिंग लग्नाच्या आठ-दहा दिवस आधी करा, आणि त्या दिवशी घालायची आतली ब्रा घालूनच. आरशासमोर नुसतं उभं राहून काहीच कळत नाही. हार घालताना करतो तसे दोन्ही हात वर करा. मुंढ्यात, म्हणजे बाही जोडतात तिथे, ओढ बसली किंवा ब्लाऊज वर सरकलं, तर तिथेच दुरुस्त करून घ्या. शिवलेली नऊवारी असेल तर जमिनीवर मांडी घालून बसा. विधी तसेच तासन्‌तास चालतात आणि काष्टा आखूड असेल तर तेव्हाच काचतो.

इस्त्री उलट्या बाजूने, वर सुती कापड टाकूनच करा.