आधी मीडियमची बाटली वाचा: गाईच्या अंडाशयाच्या कल्चरकडे वळणाऱ्यांसाठी

व्यायलेल्या गाईचं दूध झपाट्याने चढतं, पण तिचं खाणं त्या वेगाने वाढत नाही. मग अंगावरची चरबी उतरू लागते. रक्तात मोकळी मेदाम्लं आणि कीटोन वाढतात, ग्लुकोज आणि इन्सुलिन खाली येतं. पुढे दोन-तीन महिन्यांनी तीच गाय वेळेवर माजावर येते, रेतन होतं, आणि तरीही उलटते, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर येते. पशुप्रजननाचे अभ्यासक जॅक ब्रिट यांनी १९९२ साली यावर एक विचार मांडला. आज जे स्त्रीबीज सुटतंय, त्याचा फॉलिकल (बीज आणि त्याला वाढवणाऱ्या पेशींची पिशवी) त्या तुटवड्याच्या दिवसांत वाढीला लागला होता आणि तेव्हाची झळ त्याला आत्ता भोवते आहे, असा तो विचार. मी या विषयात आले ती याच प्रश्नाच्या ओढीने. तुमच्यातलेही बरेच जण पशुआहार किंवा प्रजनन यातल्या एखाद्या टोकाकडून येत असाल.

जिवंत गाईत हे पाहणं अवघड आहे. सोनोग्राफीवर दिसतात ते दोन-तीन मिलिमीटरच्या पुढचे, आत पाणी भरलेले फॉलिकल. ज्या टप्प्यावर खरा निर्णय होतो तो प्रायमॉर्डियल फॉलिकल जेमतेम ३५-४० मायक्रोमीटरचा असतो, मध्ये स्त्रीबीज आणि भोवती चपट्या पेशींचं एकच कडं. असे हजारो फॉलिकल अंडाशयाच्या बाहेरच्या थरात, म्हणजे कॉर्टेक्समध्ये, निद्रिस्त पडून असतात. म्हणून कॉर्टेक्सचे बारीक तुकडे करून ते इन्क्युबेटरमध्ये, मीडियम म्हणजे पोषक द्रव देऊन, आठवडाभर जगवायचे (यालाच कल्चर म्हणतात) आणि कोणत्या परिस्थितीत किती फॉलिकल जागे होतात ते पाहायचं, हा या कामाचा गाभा. गाईचं अंडाशय आकाराने मानवी अंडाशयाच्या जवळपास असतं आणि तिलाही एका वेळी सहसा एकच बीज सुटतं. त्यामुळे स्त्रियांच्या वंध्यत्वावर काम करणारेही याच पद्धतीकडे वळतात.

अंडाशय दोन वाटांनी मिळतात. कत्तलखान्यातून भरपूर मिळतात, पण ती गाय काय खात होती, किती वेळा व्यायली, गाभण होती का, यातलं फारसं काही कळत नाही. पद्धत बसवायला आणि हात तयार करायला ते उत्तम. आहाराचा प्रश्न विचारायचा असेल तर मात्र मोजून खाऊ घातलेल्या जनावरांचे अंडाशय हवेत, आणि त्यासाठी प्राण्यांवरील प्रयोगांच्या नैतिक समितीची परवानगी लागते. दोन्ही ठिकाणी हातमोजे, चष्मा आणि ब्रुसेलोसिस, क्यू फीव्हर या जनावरांकडून माणसाला होणाऱ्या आजारांची माहिती असल्याशिवाय ताज्या ऊतीला हात लावू नका.

कापण्याच्या कामाबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण कुठल्याही लिखित पद्धतीत ते एका ओळीत उरकलेलं असतं. अंडाशयाची वरची पांढरट चकाकती कातडी चिवट असते. तिच्यासकट साधारण एक मिलिमीटर जाडीची चकती काढायची. त्याहून खोल गेलात तर मऊ, रक्तवाहिन्यांनी भरलेला मधला भाग येतो आणि त्यात प्रायमॉर्डियल फॉलिकल नसतात. पिवळं कॉर्पस ल्युटियम (बीज सुटल्यावर फॉलिकलच्या जागी बनणारी गाठ), जुने व्रण, डोळ्याला दिसणारे फॉलिकल टाळायचे. मग त्या चकतीचे अर्धा ते एक मिलिमीटरचे चौकोनी तुकडे करायचे, तेही सतत ओले ठेवून. ब्लेड दाबायचं नाही, ओढायचं. बोथट ब्लेडने पेशी चिरडल्या जातात, आणि कितीतरी दिवसांनी स्लाइड पाहताना तुकड्याच्या कडेला गडद, पसरट पट्टा दिसतो तेव्हा ते लक्षात येतं. ब्लेड वारंवार बदला, तिथे काटकसर नको.

तुकडे मीडियममध्ये बुडवून ठेवायचे नसतात. सच्छिद्र पडदा असलेल्या इन्सर्टवर, म्हणजे डिशमध्ये बसणाऱ्या छोट्या वाटीवर, ते ठेवायचे, खाली मीडियम आणि तुकड्यावर त्याचा पातळसा ओलावा. तुकडा बुडाला तर आतल्या भागाला ऑक्सिजन पोचत नाही आणि तो मधूनच मरतो. तुकडा मोठा कापला तरी हेच होतं.

आता मुख्य गोष्ट. आपण आहाराचा अभ्यास करतोय असं म्हणतो, पण इन्क्युबेटरमधल्या तुकड्याचा आहार म्हणजे आपण ओतलेलं मीडियम. ते काय खाऊ घालतंय हे नवीन विद्यार्थी बहुतेक वेळा वाचतच नाहीत. गाईच्या रक्तात ग्लुकोज साधारण ३ ते ४ मिलिमोल प्रति लिटर असतं, माणसापेक्षा कमी. तयार मिळणाऱ्या मीडियमपैकी अल्फा-एमईएममध्ये ते ५.५ च्या आसपास असतं, मॅककॉय ५ए मध्ये १६ च्या पुढे आणि वेमथ मीडियममध्ये २७ च्या पुढे. बरं, त्यात जवळपास सगळे आयटीएस घालतात, म्हणजे इन्सुलिन, ट्रान्सफेरिन आणि सेलेनियम. नेहमीच्या प्रमाणात त्यातून १० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर इन्सुलिन येतं, आणि गाईच्या रक्तात असतं त्याच्या हजारो पट ते भरतं. तुम्ही ‘उपाशी गाय’ आणि ‘खाल्लेली गाय’ यांची तुलना करायला बसलेले असता आणि दोन्ही गटांतले तुकडे इन्सुलिनमध्ये न्हाऊन निघालेले असतात. तुकडे जगवायला ते इन्सुलिन उपयोगी आहे, यात वाद नाही. पण प्रश्नच ऊर्जेचा असेल तर इन्सुलिन आणि ग्लुकोज कमी केलेला एक गट हवाच, त्यात काही फॉलिकल जास्त मेले तरी चालतील.

मेदाम्लांचंही तसंच. व्यायलेल्या गाईत मोकळी मेदाम्लं सुमारे ०.७ मिलिमोल प्रति लिटरच्या वर गेली की धोक्याची खूण मानतात. तो आकडा घेऊन कोणी थेट पामिटिक आम्ल मीडियममध्ये टाकायला जातं, पण ते पाण्यात विरघळतच नाही. इथेनॉलमध्ये विरघळवून, मेदाम्लमुक्त अल्ब्युमिन या प्रथिनाला बांधून द्यावं लागतं, आणि तेवढंच इथेनॉल व अल्ब्युमिन दिलेला वेगळा कंट्रोल, म्हणजे तुलनेचा गट, ठेवावा लागतो. शिवाय गाईच्या रक्तात पामिटिक, स्टिअरिक आणि ओलिक अशी तिन्ही एकत्र असतात. एकट्या पामिटिकवरून काढलेला निष्कर्ष मला अपुरा वाटतो.

याहून खोल अडचण म्हणजे कापणं हीच एक जागं करणारी घटना आहे. गाईच्या गर्भातल्या अंडाशयाचे तुकडे सीरमविरहित मीडियममध्ये ठेवले की दोन दिवसांतच बहुतेक प्रायमॉर्डियल फॉलिकल जागे होऊन पुढच्या, प्रायमरी टप्प्यात जातात, असं वांजी, फॉर्च्युन आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली दाखवलं. शरीरात ते महिनोन्महिने, वर्षानुवर्षं झोपलेले राहतात. ऊती कापल्याने हिप्पो नावाचा पेशींतला लगाम सैल होतो, हे कावामुरा आणि सहकाऱ्यांच्या २०१३ च्या कामातून पुढे आलं. इन्सुलिन पीआय३के-एकेटी या पेशीतल्या संदेशमार्गाने वाढीला धक्का देतं तो वेगळाच. म्हणजे तुमचा कंट्रोलही शांत नसतो. म्हणून शून्य दिवसाचा तुकडा, कापल्याबरोबर फिक्सेटिव्हमध्ये (ऊती आहे तशी टिकवणाऱ्या द्रवात) टाकलेला, प्रत्येक जनावराचा आणि प्रत्येक वेळी हवा. गाईच्या आहाराने अंडाशयात काय घडवलं ते शून्य दिवस सांगतो. नंतरचा आठवडा सांगतो तो त्या ऊतीचा मीडियमला मिळालेला प्रतिसाद. या दोन गोष्टी वेगवेगळ्या लिहा. प्रबंधांत त्या सर्रास एकमेकींत मिसळलेल्या दिसतात आणि मला त्याचं वाईट वाटतं, कारण मागे मेहनत खरी असते.

आहाराचा परिणाम अंडाशयावर होतो याचे पुरावे मुळात गाईंमधूनच आले आहेत. गर्भारपणाच्या पहिल्या ११० दिवसांपर्यंत आईला देहनिर्वाहाच्या ६० टक्केच आहार दिला, तर तिच्या मुलींमध्ये सोनोग्राफीवर दिसणारे फॉलिकल कमी भरले, हे मोसा आणि सहकाऱ्यांचं २०१३ चं काम. नेब्रास्कातल्या क्ले सेंटर इथे फ्रीटली, कुशमन यांच्या गटाने वाढत्या कालवडींना आधी मोजका आणि रेतनाच्या आधी वाढीव आहार दिला, तेव्हा त्यांच्या अंडाशयात प्रायमॉर्डियल फॉलिकल जास्त आढळले. पहिलं काम गर्भावस्थेतलं, दुसरं वाढीच्या वयातलं. हे का घडतं, हे शोधायला कल्चर लागतं.

कल्चर आठवड्यात संपतं, मोजणी महिने खाते. तुकडे पॅराफिनमध्ये बसवून पाच-सहा मायक्रोमीटरचे सेक्शन, म्हणजे पातळ काप, काढायचे, रंगवायचे आणि मायक्रोस्कोपखाली एकेक फॉलिकल पाहायचा. चपट्या पेशी म्हणजे प्रायमॉर्डियल. सगळ्या घनाकार झाल्या की प्रायमरी. दुसरा थर आला की सेकंडरी. अवघड असतात ते मधले, अर्ध्या चपट्या आणि अर्ध्या घनाकार पेशींचे, आणि नेमक्या त्यांच्यावरच निकाल फिरतो. स्त्रीबीजाचं केंद्रक दिसतंय तोच फॉलिकल मोजायचा, नाहीतर एकच फॉलिकल शेजारच्या सेक्शनमध्ये पुन्हा मोजला जातो. कोणती स्लाइड कोणत्या गटाची हे मोजणाऱ्याला माहीत नसावं. आणि फॉलिकल कॉर्टेक्समध्ये सारखे पसरलेले नसतात, झुबक्यांनी असतात. एका तुकड्यात पन्नास, शेजारच्यात एकही नाही, असं होतं. त्यामुळे एका गाईचे बारा तुकडे म्हणजे बारा नमुने नव्हेत. नमुना म्हणजे गाय. आहार गाईला दिला होता, तुकड्याला नाही.

मीडियम बदलताना काढलेलं जुनं मीडियम ओतून देऊ नका. तारीख, जनावर आणि गट लिहून उणे ८० अंशांत ठेवा. त्यातून स्टेरॉइड आणि एएमएच (वाढत्या फॉलिकलमधून येणारं संप्रेरक) मोजता येतं आणि फॉलिकलच्या संख्येत न दिसलेला फरक तिथे सापडू शकतो.

पशुवैद्यक, प्राणिशास्त्र, जैवतंत्रज्ञान, कुठूनही आलात तरी चालतं. लॅब निवडताना मार्गदर्शकाला विचारा की मायक्रोटोम (सेक्शन कापण्याचं यंत्र) कोण चालवतं आणि मोजणी किती जण स्वतंत्रपणे करतात. पहिल्या महिन्यात कल्चरची घाई नको. लॅबमधल्या जुन्या शून्य दिवसाच्या स्लाइड मागून घ्या, अनुभवी व्यक्तीने मोजलेल्या त्याच स्लाइड तिचे आकडे न बघता मोजा आणि मग शेजारी बसून एकेका मतभेदाच्या फॉलिकलवर बोला. तुमचे आणि तिचे आकडे जुळू लागले की पहिलं अंडाशय कापायला घ्या.