बघे किती, घेणारे किती : ऑनलाइन लिलाव लावणाऱ्या नवख्यांसाठी

माझे वडील सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात दिवाणजी होते. शाळेला सुट्टी असली की मी त्यांच्याबरोबर हळदीच्या सौद्याला जायचो. पोत्याभोवती घोळका जमायचा, पण वडील घोळका मोजायचे नाहीत. कोण हळकुंड मोडून आतला रंग बघतोय, कोण तुकडा नाकाशी नेतोय, तेवढंच पाहायचे. "असले दोघं दिसले की भाव चढतो, एकच असला की बसतो," म्हणायचे.

पुढे मी ईबे या ऑनलाइन लिलावाच्या संकेतस्थळावर जुनी एचएमटी घड्याळं लिलावाला लावू लागलो, तेव्हा नेमकं हेच विसरलो. ईबेचं भारतातलं संकेतस्थळ २०१८ मध्ये बंद झालं, पण इथून परदेशी गिऱ्हाइकाला माल विकता येतो. एचएमटीची घड्याळं १९६१ पासून जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने बंगळूरला बनू लागली. ही घड्याळ कंपनी बंद करायला केंद्र सरकारने २०१६ मध्ये मंजुरी दिली. तिच्या चावीच्या 'जनता' आणि 'पायलट' या घड्याळांना बाहेर हौशी लोक आहेत.

माझ्या पहिल्या 'पायलट'वर तीसेक जणांनी 'वॉच'ची, म्हणजे मालावर नजर ठेवायची, खूण केली. मी रोज तो आकडा घरी सांगायचो. सात दिवस संपले आणि एकही बोली आली नाही. नंतर लक्षात आलं की खूण करायला पैसे लागत नाहीत. त्यात भाव काढत बसलेले माझ्यासारखेच विक्रेते असतात, शेवटच्या क्षणाची वाट बघणारे असतात आणि खूण करून विसरलेलेही असतात. शिवाय मी सुरुवातीची किंमतच बाजारभावाइतकी ठेवली होती. मग बोली लावायला कोण कशाला पुढे येईल?

म्हणून पहिलं काम हे करा : शोधताना 'विकले गेलेले' ही चाळणी लावा. साधारण ९० दिवसांतले झालेले व्यवहार दिसतात. लोक काय किंमत मागतात ते बघू नका, कितीला गेलं ते बघा. त्याच डायलचं घड्याळ महिन्यात किती वेळा विकलं गेलं, हेही मोजा.

आता बोलीबद्दल, कारण नवखे इथेच फसतात. ईबेवर गिऱ्हाईक आपली कमाल रक्कम लिहून ठेवतं आणि यंत्रणा त्याच्या वतीने लागेल तेवढंच वाढवते. समजा एकाने ६० डॉलर लिहिले आणि दुसऱ्याने ४२. पहिल्याला घड्याळ ४३ ला मिळतं, कारण त्या टप्प्यात बोली एका डॉलरने चढते. ६० वाला कितीही आतुर असू दे, तुमच्या हाती ४३ च येतात. दुसऱ्याने ५५ लिहिले असते तर ५६ आले असते. म्हणजे तुम्हाला शोधायचा आहे तो दुसरा माणूस. बोली किती झाल्या यापेक्षा त्या लावणारे वेगवेगळे किती, हे बघा. एकाच माणसाच्या चार बोल्या म्हणजे तो एकटाच पुढच्याची मर्यादा चाचपतोय.

हळकुंड मोडणारा इथे प्रश्नांतून ओळखू येतो. "मागचं झाकण उघडून मशिनचा फोटो द्याल का?" "डायल मूळचा आहे की रंगवलेला?" असं विचारणारा घ्यायला आलेला असतो. आपल्याकडून जाणाऱ्या घड्याळांत पुन्हा रंगवलेले डायल फार असतात आणि जाणकारांना ते ठाऊक आहे. खरं उत्तर द्या. मी आता घड्याळजीकडून झाकण काढून घेऊन तो फोटो आधीच टाकतो. "शेवटची किंमत काय?" एवढंच विचारणाऱ्याला मी हिशेबात धरत नाही.

पाचव्या दिवशीही बोली नसेल तर घाबरू नका. ईबेचा लिलाव ठरल्या वेळी बंद होतो, शेवटच्या बोलीनंतर वेळ वाढत नाही. त्यामुळे मुरलेले लोक शेवटच्या काही सेकंदांत बोली टाकतात. मी एकदा याच शांततेला भिऊन लिलाव मध्येच काढून घेतला होता आणि त्याची रुखरुख अजून आहे. मात्र किंमत चढावी म्हणून भावाला किंवा मित्राला बोली लावायला सांगू नका. ते नियमात बसत नाही आणि ती उघड फसवणूक आहे. माझ्या चुलतभावाने मदत म्हणून विचारलं, तेव्हा मी स्पष्ट नाही म्हटलं.

संपायची वेळ गिऱ्हाइकाच्या सोयीची ठेवा. न्यूयॉर्कचे रविवारी रात्रीचे आठ म्हणजे उन्हाळ्यात आपले सोमवारी पहाटेचे साडेपाच, हिवाळ्यात साडेसहा. गजर लावून उठतो मी, चहा ठेवतो आणि शेवटची पाच मिनिटं पडद्यासमोर बसतो. जिंकला कोण यापेक्षा हरला कोण ते लिहून ठेवतो.

गेल्या वर्षी एका 'जनता'साठी दोघं शेवटपर्यंत भिडले. तसंच दुसरं घड्याळ माझ्या कपाटात होतं. हरलेल्याला त्याच्याच बोलीच्या रकमेत ते देऊ करण्याची सोय ईबेवर आहे, ती वापरली. दुपारी जेवायला बसायच्या आत त्याने पैसे भरले होते.