मित्राबरोबर जांभ्याच्या घळीत: शिरावे कसे, उकरावे कसे

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरहून जांबोटी-कणकुंबीकडे गेले की माळावर जागोजागी जांभ्याचा टणक थर दिसतो आणि त्याखाली मऊ चिकणमाती. पावसाचे पाणी फटींतून मुरते, खालची माती धुऊन नेते, वरचे कवच तसेच राहते आणि घळ तयार होते. घळीची बुजलेली वाट मोकळी करायला उकरणाऱ्याने यातून एकच गोष्ट पक्की धरावी: पाण्याने नंतर आणून भरलेला गाळ तेवढा काढायचा, मूळ भिंतीला आणि छताला हात लावायचा नाही. गाळात पालापाचोळा, मुळांचे तुकडे, गोल खडे थराथरांनी दिसतात. मूळ माती एकजीव असते, खुरप्याने खरवडली की साबणासारखी निघते. ती लागली की त्या बाजूचे काम थांबवावे.

आधी जागा कुणाची ते बघा. खासगी असेल तर तलाठ्याकडून उतारा काढून मालकाची परवानगी घ्यावी. जंगलात वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय कुदळ उचलू नये. 2011 साली अभयारण्य झालेल्या भीमगडात बारापेडेच्या गुहा आहेत. जगात मोजक्याच ठिकाणी आढळणारे रॉटनचे वटवाघूळ तिथे राहते, त्यामुळे तिथे उकरण्याचा विषयच नको. दुसऱ्या कुठल्याही घळीत वटवाघळांची वसाहत दिसली तरी माघारी फिरावे. देवाची जागा असेल तर गावातल्या पंचांना विचारल्याशिवाय आत पाऊल टाकू नये. गुप्तधनाच्या नादाने तर मुळीच खणू नये: कायद्यानुसार जमिनीत सापडलेली पुरलेली मौल्यवान वस्तू जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागते. खापरे, घडीव दगड, हाडे दिसली तर तिथेच हात थांबवावा.

आत दोघे, बाहेर तिसरा. या तिसऱ्याशिवाय काम सुरूच करू नका. परतायची वेळ त्याला सांगून ठेवा. ती उलटून अर्धा तास गेला की त्याने 112 ला फोन करायचा. त्याने एकट्याने आत शिरायचे नाही. प्रत्येकाकडे हनुवटीच्या पट्ट्याचे हेल्मेट, एक हेडटॉर्च आणि दोन जादा बॅटऱ्या, एन-95 मास्क, हातमोजे आणि गमबूट. दिवस जानेवारी ते एप्रिलमधलेच निवडावेत. पहिला वळीव पडला की काम बंद, कारण ओली माती आपल्याच वजनाने सुटते.

तोंडाशी दहा मिनिटे थांबा. अस्वलाची विष्ठा किंवा पंजे, साळिंदराचे ताजे काटे, कपारीला आग्या मोहोळ, यांतले काहीही दिसले तर परत फिरा. धूर करून जनावर हुसकावणे जिवावर बेतते. कपारीत हात घालण्याआधी उजेड टाकावा. फुरसे अशाच जागी बसलेले असते.

छत पहारीच्या मुठीने हलके ठोकून बघावे. खणखणीत आवाज आला तर दगड सलग आहे. बद्द आवाज आला तर थर सुटलेला आहे, त्याखाली बसू नये. खाली पडलेल्या दगडाचा रंगही बोलतो. जुना तुकडा काळपट पडलेला असतो, नुकताच निखळलेला आतून लालपिवळा दिसतो. छतातून मुळे लोंबत असतील तर वरचे कवच पातळ असण्याची शक्यता असते.

कुठे उकरायचे हे उदबत्ती सांगते. थंडीत पहाटे आत-बाहेर तापमानाचा फरक जास्त असतो, तेव्हा गाळाच्या कडेकडेने उदबत्ती फिरवावी. धूर जिथे ओढला किंवा ढकलला जातो तिथे पलीकडे पोकळी असण्याची शक्यता असते.

उकरताना बहुतेकांची चूक एकच: खालून पोखरत जाणे. वरचा गाळ मग एकदम पाठीवर येतो. नेहमी वरून खाली काढावा आणि उभी कड गुडघ्यापेक्षा उंच ठेवू नये. त्यापुढे उतार द्यावा. एक घनमीटर ओली चिकणमाती साधारण 1,800 किलो भरते. 15 किलोचे घमेले धरले तर 120 फेऱ्या होतात! चिंचोळ्या वाटेत घमेले अडकते, म्हणून 20 लिटरचा प्लॅस्टिकचा कॅन आडवा कापून दोन्ही टोकांना दोर बांधावा. एकाने भरायचा, दुसऱ्याने ओढायचा, रिकामा झाला की पहिल्याने परत खेचायचा. माती वाटेच्या कडेला रचू नये, परतीची वाट तीच बुजवते. दर 20 मिनिटांनी जागा बदला.

उतरत्या फटीत पाय आधी घालावेत. डोके खाली करून अडकलेल्या माणसाला मागे ओढणे फार अवघड जाते.

कोंदट टोकाला दोघांच्या श्वासानेच हवा बिघडते. जड कार्बन डायऑक्साइड खड्ड्याच्या तळाशी साचतो. काम थांबवूनही धाप लागते, डोके जड होते, तेव्हा बोलत न बसता दोघांनीही बाहेर यावे. मेणबत्ती विझली तर हवा वाईट आहे हे नक्की. पण ती जळते म्हणून हवा चांगली असे मात्र नाही. जनरेटर तोंडापाशीही लावू नये.

काम संपल्यावर खड्ड्याला काट्यांचे कुंपण घालावे, चरणारी गुरे त्यात पडतात. वटवाघळांच्या लेंड्यांच्या धुळीतल्या बुरशीने फुप्फुसाचा आजार होऊ शकतो आणि तो क्षयासारखा दिसतो. पुढच्या तीन आठवड्यांत ताप किंवा कोरडा खोकला आला, तर घळीत गेलो होतो हे डॉक्टरांना आधी सांगावे.